मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी माणसं कशी निवडावीत?

प्रश्न: अर्पण मोजायला आणि गरजूंना शिधा वाटायला पाच जण हवेत. पाळक (पास्टर) म्हणून नेमकं काय पाहू?

उत्तर १: बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडा. अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, ही कुरकुर ग्रीक भाषिक विश्वासणाऱ्यांची होती, आणि त्या कामाला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक! नावं मंडळीलाच सुचवू द्या. एकट्याने ठरवलं की जवळचेच भरले जातात.

उत्तर २: 1 तीमथ्य 3:10 प्रमाणे आधी पारख. तीन महिने बिनपदाचं काम द्या: सतरंज्या घालणं, तांदळाच्या पिशव्या भरणं. वेळ पाळतो का, चूक दाखवली तर ऐकतो का, ते तिथेच कळतं. प्रार्थना सुंदर करतो म्हणून हिशेब सोपवू नका.

उत्तर ३: मोजणारे दोघे एका घरातले नकोत. उपासनेनंतर लगेच मोजून दोघांच्या सह्या घ्या. मुदत एकच वर्ष. नाहीतर माणूस बदलताना मनं फार दुखावतात.