खांबाजवळची जागा

बी-203: सुप्रभात. ए-104 ला खांबाजवळची पार्किंगची जागा ड्रॉशिवाय कशी मिळाली? सचिवांनी इथेच सांगावं.

सचिव: ताई, कमिटीत ठरलंय. गणपतीला त्यांनी 25 हजार दिले ते स्वेच्छेने. दोन्हीचा संबंध नाही.

ए-302: स्वेच्छेने! हा शब्द 1981 ला फार ऐकलाय. तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले, त्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डर द्यायचे तेही स्वेच्छेनेच. मग सिमेंटचा कोटा 😀

सी-101: झालं. काकांना निमित्तच हवं असतं.

बी-203: ए-104 ला खांबाजवळची जागा ड्रॉशिवाय कशी मिळाली?

ए-401: काका, आमच्या माणगावात येऊन बोला हे. कुलाब्याचं रायगड कोणी केलं? सिंधुदुर्ग, जालना हे जिल्हे कोणी दिले? माझ्या आत्याचं औषधपाणी संजय गांधी निराधारच्या पैशावर चालायचं. बॅरिस्टर अंतुलेसाहेबांचीच योजना ती.

ए-302: नाही कोण म्हणतंय? फाइल टेबलावर झोपू द्यायचा नाही तो माणूस. पण सिमेंट तेव्हा कंट्रोलमध्ये होतं बाबा. वडिलांनी तालुक्याला पाच हेलपाटे घालून दहा गोण्यांचं परमिट मिळवलं. माल आला भर आषाढात. तीन गोण्यांचे दगड झाले. त्यातला एक अजून परसात आहे, वहिनी त्यावर धुणं आपटते, गोणीची वीणसुद्धा उमटलेली दिसते. आणि इकडे देणगीवाल्यांना ट्रकने! हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिनसाहेबांनी निकालात तेच म्हटलं ना? जानेवारी 82, मुख्यमंत्रीपद गेलं.

डी-502: बाकीचे दोन दगड आपल्या गच्चीत बसवलेत वाटतं 😂

सचिव: गच्चीचं कोटेशन मागवलंय.

डी-502: मार्चपासून मागवताय.

बी-305: वकील म्हणून सांगतो, अंतुलेंना शिक्षा झालेली नाही. 84 ला सुप्रीम कोर्टाने खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून हायकोर्टात पाठवला. 88 ला सात जणांच्या पीठाने बहुमताने कोर्टाचाच तो आदेश चूक ठरवला. लॉच्या पोरांना अजून शिकवतात.

ए-302: कोर्ट आपली चूक दुरुस्त करतंय तोवर 89 ला साहेब लोकसभेत! पुढे नरसिंह रावांकडे आरोग्यमंत्री.

ए-401: मतं लोकांनी दिली, काका. टीव्ही बघून नाही दिली.

ए-302: आणि 2009 ला त्यांना हरवणाऱ्या शिवसेनेच्या अनंत गीतेंना कोणी दिली?

सी-101: त्याच्या आधी 26/11 च्या हल्ल्यात गेलेल्या हेमंत करकरेंच्या मृत्यूवरून जी शंका काढली, ती विसरलात? केंद्रात मंत्री असताना. त्यांच्याच पक्षाने हात झटकले होते.

सचिव: 🙏 हा विषय इथे नको.

सी-101: का? शुभेच्छांचे शंभर फोटो चालतात ते?

डी-502: ती भवानी तलवार लंडनहून आणणार होते ना? आली का?

ए-302: आपल्या लिफ्टचा पार्ट येतोय त्याच ट्रकने.

बी-203: मी तिसऱ्यांदा विचारतेय. ए-104 ला खांबाजवळची जागा ड्रॉशिवाय कशी मिळाली?

ए-104: नमस्कार. दिवसभर ऑफिसमध्ये होतो, आत्ता बघतोय. इतका अपमान कशासाठी? मी पैसे दिले तेव्हा जागेचा विषयसुद्धा नव्हता. जागा नंतर मिळाली.

बी-305: नंतर म्हणजे?

ए-104: तीन दिवसांनी.

ए-302: 😀

ए-401: काका, हसण्यासारखं काय आहे? यांची पावती तरी आहे.

ए-302: अरे, पावत्या तेव्हाही होत्या! चेकने दिलेले पैसे होते, म्हणून तर सापडले.

सचिव: ठीक. जागा तूर्त रिकामी ठेवू. रविवारी अकराला ड्रॉ. ए-104, देणगी परत हवी असल्यास खजिनदारांना भेटा.

ए-104: गणपतीचे पैसे परत घेणारा मी नव्हे.

बी-203: धन्यवाद. चिठ्ठ्या मी घरून लिहून आणते.

सचिव: नको ताई. तिथेच लिहू, सगळ्यांसमोर.