शाळा संपल्यावर शाळेतलं काय उरलं? (अनुभव धागा)

माध्यमिक शाळा मागे पडली की तिच्याबद्दल बोलायच्या दोनच तऱ्हा उरतात. 'काय दिवस होते ते!' किंवा 'सुटलो बुवा एकदाचे!' दोन्ही खऱ्या असतात, पण दोन्हींत तपशील नसतो. हा धागा तपशिलांसाठी आहे. त्या वर्षांतलं असं काहीतरी लिहा, जे तेव्हा किरकोळ वाटलं आणि आज तुमच्या कामात, स्वभावात, मैत्रीत ठाण मांडून बसलंय. किंवा उलट, ज्याच्यासाठी तेव्हा जिवाचं रान केलं आणि आता ज्याचा मागमूसही नाही.

परवा वर्गाचा जुना फोटो हाती लागला. मागच्या रांगेतल्या कित्येकांशी मी धड बोललेही नव्हते, तरी चेहरे झटकन ओळखू आले. नावं मात्र जिभेवर येऊन अडली. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. नुकतीच शाळा सोडलेल्यांपासून ते शाळा सोडून जवळपास पाच दशकं उलटलेल्यांपर्यंत ३९२ जणांची स्मरणशक्ती त्यांनी वर्गमित्रांच्या नावांवर आणि फोटोंवर पारखली. तीस-पस्तीस वर्षांनंतरही दहातले नऊ चेहरे लोक बरोबर ओळखत होते. समोर काहीही न ठेवता नावं विचारली, की मात्र बहुतेकांची गाडी अडायची. म्हणजे त्या वर्षांचा बराच ऐवज आपल्याकडे शाबूत असतो, फक्त त्याला कुणीतरी हात घालावा लागतो. या धाग्यावर तेच करू या.

एकच विनंती. शाळेचं आणि माणसांचं नाव नको. लांबीची काळजी करू नका.

कर्कटक :

भूमितीचा तास. पायथागोरसचं प्रमेय पुस्तकात समरूप त्रिकोणांवरून सिद्ध केलेलं होतं. काटकोनातून कर्णावर लंब टाकायचा, त्रिकोण समरूप दाखवायचे, गुणोत्तरं मांडायची. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी विचारलं, "सर, समरूपता माहीतच नसेल तर हे सिद्ध करता येणार नाही का?" खोडी काढायची म्हणून नव्हे, प्रश्न खरंच पडला होता. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर एक समलंब चौकोन काढला. समांतर बाजू अ आणि ब, दोघींमधलं अंतर अ अधिक ब. आत तीन काटकोन त्रिकोण. दोन अगदी सारखे, आणि मधला असा की त्याच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू म्हणजे त्या सारख्या त्रिकोणांचे कर्ण. "क्षेत्रफळ दोन तऱ्हांनी काढ," एवढंच म्हणाले आणि खडू माझ्या हातात दिला. अख्ख्या चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे अ अधिक बच्या वर्गाचं निम्मं. तुकड्यांची बेरीज म्हणजे अ गुणिले ब, अधिक कर्णाच्या वर्गाचं निम्मं. दोन्ही समान मांडलं, दोन्हीकडचा अब उडाला आणि प्रमेय समोर उभं राहिलं. समरूपतेचं नावही घ्यावं लागलं नाही. मग सरांनी सांगितलं, की ही सिद्धता जेम्स गारफील्ड यांची, १८७६ मधली. तेव्हा ते अमेरिकी संसदेचे सदस्य होते, १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

आज मी पुलांच्या आराखड्यांवर काम करतो. कुठलाही महत्त्वाचा आकडा दुसऱ्या वाटेनं काढून जुळवल्याशिवाय सही करत नाही. ही सवय मला नोकरीत कुणी लावली नाही. सरांना उत्तर आदल्या दिवशीही येत असणार, असं मला आता वाटतं. पण त्यांनी मध्ये एक रात्र जाऊ दिली, आणि त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी जी काही रेघाटणी केली तिथून मला गणिताची खरी गोडी लागली. परीक्षेत किती गुण पडले होते ते आठवत नाही.

तिसरी रांग :

नववीत शाळा बदलली. माझा गणवेश कोरा करकरीत, बाकीच्यांचे धुऊन धुऊन मऊ पडलेले, त्यामुळे माझा रंग सगळ्यांपेक्षा एका छटेनं गडद दिसायचा. अख्खा वर्ग त्या छटेकडेच बघतोय असं मला वाटायचं. फळ्यापाशी जायची वेळ आली की पोटात गोळा.

पुढे मानसशास्त्र शिकताना थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग वाचला. लाज वाटावी असं चित्र असलेला टी-शर्ट घालून एका विद्यार्थ्याला इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, चित्र कितीजणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज सरासरी निम्म्याच्या आसपास. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ते ओळखलं होतं. वाचून इतकं हलकं वाटलं, की त्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला मी मुद्दाम विचारलं. गणवेशाचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होतं माझं अक्षर, कारण आजारी असताना तिनं माझी जीवशास्त्राची वही नेली होती.

एक मात्र सांगते. लोक बघत नव्हते म्हणून एकटेपणा खोटा ठरत नाही. मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसायचे ते दिवस खरेच जड होते. त्या वयाच्या मुलीला 'कुणाचं लक्ष नसतं गं' एवढंच सांगून भागत नाही, तिच्या शेजारी जाऊन बसावं लागतं.

बाकावरची :

आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं, म्हणून ती माझ्या शेजारी आली. आजही रोज बोलतो. मॅडी सीगल या संशोधिकेनं पोलीस प्रशिक्षणार्थींवर केलेल्या १९७४ च्या अभ्यासात दिसलं होतं, की आडनावाच्या वर्णक्रमानं जागा दिल्या तर मैत्रीही त्याच क्रमानं जुळते, धर्म किंवा वय जुळण्यापेक्षा शेजार मोठा ठरतो. आमच्या बाबतीत वर्णमालेऐवजी उंची. पुढे ती माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, पण तोवर उशीर झाला होता!

नाव नको :

मला त्यातला एकही दिवस परत नको आहे. इथे गोड आठवणींच्या रांगेत हेही असावं म्हणून लिहितो.

माझ्या बोलण्यात अडखळ होती. अजूनही आहे. वर्गातल्या काहींनी त्यावरून नाव पाडलं आणि ते नाव मैदानापर्यंत, मग खालच्या वर्गांपर्यंत पोचलं. मोठ्यानं वाचन असलं की माझी पाळी यायच्या आधीच मागून तो आवाज काढला जायचा. मोठी माणसं सांगायची, 'दुर्लक्ष कर, कंटाळतील.' ते कंटाळले नाहीत.

बदल केला तो शिपाईमामांनी. त्यांनी कुणाला रागावलं नाही, की मला उपदेश केला नाही. मधल्या सुट्टीत ते आमच्या मजल्याच्या जिन्यापाशी स्टूल टाकून बसायला लागले. रोज. एक मोठं माणूस तिथे आहे एवढ्यानं तो जिना माझ्यासाठी मोकळा झाला. मग त्यांनीच वर्गशिक्षिकांच्या कानावर घातलं, आणि बाईंनी वाचनाची पद्धत बदलली. सगळ्यांनी जोडीनं वाचायचं. दोघांचा आवाज एकत्र असला की मी अडखळत नाही, हे मला तेव्हा कळलं. वाचा-उपचाराच्या क्षेत्रात ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे, समूहात वाचताना बऱ्याच जणांची अडखळ कमी होते.

नॉर्वेच्या डॅन ओल्वेयस यांनी १९८३ पासून बर्गेनमधल्या शाळांत छळ थांबवण्याचं जे काम केलं, त्यातही पिडलेल्या मुलाला खंबीर व्हायला सांगण्यापेक्षा शाळेतल्या सगळ्या मोठ्यांनी लक्ष ठेवण्यावर आणि वेळीच मध्ये पडण्यावर भर होता. मामांनी ते वाचलेलं नव्हतं. ज्यांना शाळेत काही करता येण्यासारखं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जिन्यापाशी बसा.

पहाटेची शाळा :

माझ्या वाट्याला 'आळशी' हा शिक्का आला. पहिल्या तासाला डोळे मिटायचे, रात्री मात्र झोप यायची नाही. घरचे, शाळेतले, सगळ्यांचं एकमत. मीही ते मान्य करून टाकलं होतं आणि नंतर कितीतरी वर्षं स्वतःबद्दल तसंच बोलत राहिले.

पुढे परिचारिका झाले, तेव्हा शिकायला मिळालं, की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा रात्री उशिरा स्रवायला लागतं. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते आणि शाळा भल्या सकाळी, मग तास येणार कुठून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून मोठ्या वर्गांसाठी तसा कायदाच लागू आहे.

माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे. त्याला सकाळी उठवावं लागतं तसं मी उठवते, शाळा काही माझ्यासाठी थांबणार नाही. पण तो शब्द आमच्या घरात वापरायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय.

धागाकर्ती :

मध्येच डोकावते. बऱ्याच जणांना त्या वर्षांचं इतकं लख्ख कसं आठवतं, यालाही आधार आहे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग बाकीच्या काळापेक्षा उंच निघतो. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टींची त्या काळात रेलचेल असते, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. लिहीत राहा.

अपुरं जर्नल :

मी २०२० च्या तुकडीतला. आमचा शेवटचा दिवस कुठला होता ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. एका दुपारी 'काही दिवस सुट्टी' म्हणून घरी आलो ते आलोच. युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे त्या वर्षी जगभरात १९० हून अधिक देशांत दीड अब्जांहून जास्त विद्यार्थ्यांची शाळा अशीच थांबली. आकडा एवढा मोठा, की आपलं दुःख सांगायलाही संकोच वाटतो.

माझं रसायनशास्त्राचं जर्नल शाळेत अडकलं. शेवटच्या प्रयोगाचं निरीक्षण लिहून झालं होतं, अनुमान बाकी होतं. अनुमापन होतं ते, एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडायचं आणि गुलाबी रंग आला की थांबायचं. माझा गुलाबी जरा जास्तच गडद आला होता आणि बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या तासाला पुन्हा कर. पुढचा तास झालाच नाही. निरोप समारंभ नाही, पाठीवर सह्या नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर एक निकाल, बस.

खूप नंतर शाळेतून दाखला आणायला गेलो, तर बाईंनी कपाटातून आमच्या तुकडीची जर्नलं काढली. सगळी जपून ठेवली होती. म्हणाल्या, वेळ आहे का? आणि मला ब्युरेट लावून दिली. या वेळी थेंब थेंब सोडत नेला आणि रंग टिकला तो अगदी फिका, हवा तसा. अनुमान लिहिलं, त्यांनी तारीख घालून सही केली. त्या दिवशी माझी शाळा संपली. मला वाटतं, निरोप हा नुसता सोहळा नसतो, ते एक काम असतं, आणि ते राहिलं की माणूस अर्धवट अडकून राहतो. आमच्या तुकडीतले कितीतरी जण अजून तसेच आहेत. त्यांनी शाळेत एकदा जाऊन यावं.

खडू-डस्टर :

मी शिकवते, तेही जिथे शिकले त्याच शाळेत. म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

जुने विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा गुणांबद्दल हमखास बोलतात आणि जवळजवळ नेहमी चढवून सांगतात. त्यात लबाडी नसते. बाहरिक यांनीच १९९६ मध्ये ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेतल्या श्रेणी विचारल्या आणि ३,२२० नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. सर्वोच्च श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, 'ड' श्रेणी फक्त २९ टक्के वेळा. चुकीच्या आठवणी बहुतेक वरच्या श्रेणीकडे झुकलेल्या. एवढं करूनही गुण हा गप्पांचा पहिलाच मिनिट असतो. मग येतं ते खरं.

एक मुलगा आला होता. आता मोठा माणूस, यंत्रांची दुरुस्ती करतो. म्हणाला, "बाई, तुम्ही शेऱ्यात लिहिलं होतं, 'तोडलेली वस्तू पुन्हा जोडून ठेवतो.'" मला ते वाक्य लिहिल्याचं आठवत नव्हतं. प्रयोगशाळेतला तराजू त्यानं खोलून परत बसवला होता, त्यावरून लिहिलं असणार. बाकी सगळ्या विषयांसमोर त्याला 'प्रगती आवश्यक' होतं. घरी त्याच्या आईनं तेवढंच एक वाक्य शेजाऱ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि त्यानं ते पान अजून ठेवलंय.

तेव्हापासून 'समाधानकारक', 'प्रयत्न हवेत' हे शेरे मी बंद केले. प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य, फक्त त्याच्याच बाबतीत खरं असलेलं, आणि मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं. त्यासाठी वर्षभर एक छोटी वही जवळ ठेवते आणि दिसेल तसं टिपून घेते. शांत मुलांची पानं कोरी राहतात, म्हणून सहामाहीनंतर आधी त्यांच्याच बाकांपाशी जाऊन उभी राहते. तक्त्यात शेऱ्याला जागा बोटभरच असते. पुरली नाही तर समासात लिहिते, मुख्याध्यापकांची त्याला हरकत नाही.