मातीच्या भिंतीवर हत्यारांचं कपाट टांगावं काय?

खानापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. बाबांनी चाळीस वर्षं सुतारकी केली, आता गुडघ्यांमुळे बंद. त्यांची हत्यारं पत्र्याच्या पेटीत असायची. यंदा जूनमध्ये बंद केलेली पेटी गणपतीचं मखर करायला उघडली, तर पटाश्यांवर तांबूस बुरा, आणि लाकडी रंध्याची पाचर फुगून पातं असं अडकलेलं की मोगरीनं ठोकून ठोकून काढलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं पात्यावरून अंगठा फिरवत बसले.

म्हणून भिंतीवरचं कपाट करायचं ठरवलंय. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, आठ इंच खोल, दोन दारं. १८ एमएम प्लाय, पाठीला ९ एमएम. हत्यारं पिशवीत घालून दुकानातल्या काट्यावर ठेवली, २१ किलो भरली. घोडं अडलंय भिंतीपाशी. भिंत मातीची, हातभर जाड, वर चुन्याचा गिलावा. रावळप्लगसाठी एक भोक मारून बघितलं, तर माती भसाभसा गळाली आणि बोट जाईल एवढा खड्डा पडला. बाबा म्हणाले, "ही भिंत माझ्या आज्ज्यानं घातलीय, आणखी भोसकू नको." काय करू?

उद्यमबाग_रिटायर

बाबा बरोबर बोलले. आधी वजन धर. आठ बाय चारचं १८ एमएमचं शीट तीस-पस्तीस किलो भरतं. तुझ्या मापाला त्यातलं निम्म्याहून जास्त लागणार, वर पाठ आणि बिजागऱ्या. कपाट वीस-बावीस, हत्यारं एकवीस, म्हणजे चाळीसच्या पुढे गेलास. त्यात दार उघडलं की वजन भिंतीपासून लांब जातं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. मातीत तो धरायचाच नाही.

टांगूच नको, उभं कर. दोन बाय तीन इंचांचे दोन सागवानी खांब जमिनीवर उभे कर आणि कपाट त्यांच्यावर बोल्टानं बसव. वजन खांबांतून खाली जाईल. भिंतीकडं काही मागायचं नाही. कपाट पुढं कलंडू नये म्हणून खांबांची वरची टोकं वरच्या तुळईला लोखंडी अँगलनं बांध. तुळईत स्क्रू छान धरतो. खांबाखाली शहाबादीचा तुकडा ठेव, नाहीतर जमिनीतनं वाळवी सरळ वर चढेल.

अनगोळचा_मिस्त्री

वरच्या काकांचं खरं. मी दारांचं सांगतो, लोक तिथंच फसतात. आठ इंचांतले तीन इंच दारांना दे, पाच पोटाला. म्हणजे दारंसुद्धा उथळ पेट्याच होतात. करवत, गुण्या, ओळंबा दारात. रंधे अगदी तळाला, आडवे नाही, तिरप्या फळीवर. वरनं खालपर्यंत पियानो बिजागरी लाव, दोन सुट्या बिजागऱ्यांवर भरलेलं दार वर्षात लोंबतं. आणि प्लायच्या कडेत स्क्रू मारू नको राव, थर सुटतात. कडेला सागवानी पट्टी चिकटव, स्क्रू तिच्यात.

हत्यारं बसवायच्या खाचा मापानं कापू नको. सगळी हत्यारं जमिनीवर मांड, हात घालून उचलून बघ. मुठीभोवती बोटं जायला जागा लागते. माझ्या पहिल्या कपाटात पटाश्या इतक्या जवळ बसवल्या होत्या की मधली काढताना शेजारचीनं बोट कापलं.

आमच्याकडं बैलहोंगलचा एक बडगेर, म्हणजे कानडी सुतार, कामाला होता. तो पटाशीला उळी म्हणायचा आणि करवतीला गरगस. खाचांखाली दोन्ही नावं लिहिली होती, तेव्हापासून हत्यार चुकीच्या जागी गेलं नाही.

पावसातली_काकू

दादा, कपाट झालं तरी गंज येणारच, आमच्याकडं पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे. पाठ आणि भिंतीच्या मधे इंचभर फट ठेवा. पावसात भिंत ओल धरते, चिकटलेली पाठ बुरशी खाते. आमच्या मसाल्याच्या फडताळाचं तेच झालं. लाकूड नवं घेणार असाल तर वाळलेलंच घ्या, ओल्या लाकडात बंद केलेलं लोखंड लवकर गंजतं. पात्यांना शिलाई मशीनचं तेल, जुन्या सुती कापडानं, अगदी पातळ. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो.

खानापूरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. खांबांचं बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग ते माझं कपाटच झालं की, भिंतीचं कशाला." गोठ्यावर सागवानाच्या दोन जुन्या दारचौकटी पडल्यात, त्यातनं खांब निघतील. काल रात्री हत्यारं घोंगडीवर मांडली. लाकूड तासायचा वाकस काही केल्या आठ इंचांत बसत नाही, दांडा आडवा येतो. बाबांनी तो उचलला आणि दाराबाहेर, जिथं आधी असायचा, त्याच खुंटीला अडकवला. काकू, तेवढ्याला तेल रोज लावावं लागेल काय?