अनुभव सांगा : विंडो गेली कुठी?

खालच्या पट्टीवर प्रोग्रामचं चिन्ह दिसते, माउस नेला की त्याचं बारकं चित्रही दिसते, अन् क्लिक केलं की स्क्रीनवर काहीच येत नाही. कुणाकुणाचं झालं असं?

माझं सांगतो. दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. दोन मॉनिटर होते. दुसरा माझ्या डाव्या हाताला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, म्हणजे नावातला काना-मात्रा त्यानं स्वतःच पाहून घ्यावा. मृगाच्या पावसात वीज कडाडली अन् तो जळला. दुसऱ्या दिवशी स्कॅनरचा प्रोग्राम दिसेचना. ओट्यावर सातबारा, पासबुक घेऊन बायामाणसं बसलेली. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, मशीन चारदा बंद-चालू केलं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो म्हणे, "फॉरमॅट मारा लागते, उद्या आणून द्या."

रात्री भाच्यानं फोनवर सांगितलं : आल्ट धरून टॅबनं तो प्रोग्राम निवड, मग आल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कोणतीही कळ एकदा दाब आणि माउस हलव. क्लिक करू नको. हलवला, तर विंडो डाव्या काठातून माउसला चिकटूनच आत आली! जळालेल्या मॉनिटरच्या जागेवर बसली होती बिचारी. भाचा म्हणाला, काही प्रोग्राम आपली शेवटची जागा आकड्यात लिहून ठेवतात. मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. त्याच्या डावीकडे मॉनिटर असला की आकडा उणे. मॉनिटर गेला तरी आकडा तोच राहतो. प्रोग्राम काढला तरी ती नोंद बरेचदा मागे उरते, म्हणून माझं पुन्हा टाकणं वाया गेलं.

तुमचंही लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

धारणीकडचा मास्तर

शाळेत प्रोजेक्टर आहे. पाठ दाखवला, रिमोटनं प्रोजेक्टर बंद केला, लॅपटॉपवर हजेरीची फाईल उघडली तर ती गायब. तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, भिंतीतच राह्यली का?"

खरंच भिंतीत होती! प्रोजेक्टर झोपला होता, पण केबल लागलेली. लॅपटॉपच्या हिशेबी तो पडदा अजून हजर, आणि फाईल त्याच्यावर. केबल उपटली, तर सगळं आपोआप लॅपटॉपवर आलं. आता मी विंडोजच्या बटणासोबत पी दाबून आधीच 'डुप्लिकेट' निवडतो. दोन्हीकडे एकच चित्र, हरवायला जागाच नाही. 'एक्स्टेंड', म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं चित्र, फक्त उत्तरं पोरांपासून लपवायची असली तरच.

हिंगणघाट, जिनिंगचा मुनीम

मायं बी झालं होतं. पन मी आल्ट-स्पेस दाबलं तं त्या यादीत मूव्हच (एमवालं) फिक्कं! दाबलं तरी काही होये ना. घामानं भिजलो, बाहेर कापसाच्या गाड्यायची रांग, वजनाची पावती निघे ना. मंग समजलं, विंडो पूर्ण फाकलेली असली तं हलत नाई. आधी आल्ट-स्पेस अन् आर (म्हंजे रिस्टोर) दाबून लहान कराची, मंग पुन्हा आल्ट-स्पेस, एम, बाण. धागाकर्त्यानं हे सांगतलं नाई, म्हनून लिवलं.

वरुड

विंडोजचं बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर विंडो एकातून दुसऱ्यात उडी मारते. संत्र्याच्या मोसमात व्यापाऱ्यांचे हिशेब आणि भाव शेजारी-शेजारी ठेवतो, दिवसातून वीसदा लागते ही कळ.

गोंदियाकडे, धान खरेदी केंद्र

माझी गोष्ट थोडी वेगळी. बारदान्याच्या हिशेबाची फाईल वरून मेलवर आली. आमच्याकडे एक्सेल 2010. एक्सेल उघडते, आत नुसतं करडं मैदान. मला वाटलं फाईल खराब, तीनदा पुन्हा मागवली. तिकडचा बाबू माझ्यावर चिडला, मी त्याच्यावर.

त्या जुन्या एक्सेलमध्ये फाईलची विंडो मोठ्या विंडोच्या पोटात असते, आणि ती शेवटी कुठे होती हे फाईलसोबतच येते. त्यांचा मॉनिटर मोठा, आमचा लहान. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'अरेंज ऑल' केलं की पोत्यांचे आकडे समोर. एक्सेल 2013 पासून प्रत्येक फाईलची विंडो स्वतंत्र असते, तिथं आल्ट-स्पेसच चालवा.

आरमोरीची ताई

ग्रामपंचायतीत काम करते. चष्मा लागला म्हणून अक्षरं दीडपट मोठी करून घेतली. तेव्हापासून काही चौकटींचं 'ओके' बटण स्क्रीनच्या खाली बुडते. एकदा न पाहताच एंटर मारलं अन् अर्धवट नोंद जतन झाली. दिवसभर निस्तरत बसले. आता आल्ट-स्पेस, एम, आणि वरचा बाण दाबून धरते. चौकट वर सरकते, बटण दिसते. मराठी टायपिंग चालू असेल तर आधी कीबोर्ड इंग्रजीवर घेते.

अकोट

सगळ्याच विंडो बाहेर गेलेल्या नसतात, बाप्पा. माझ्या पोट्ट्यानं विंडोज, कंट्रोल आणि डी दाबून दुसरा डेस्कटॉप उघडला होता. मी आल्ट-स्पेस करत बसलो. ओळखायची खूण : प्रोग्राम चालू असूनही खालच्या पट्टीवर चिन्हच नसेल, तर एकदा विंडोज आणि टॅब दाबून पाहा. माझं सगळं शेजारच्या डेस्कटॉपवर सुखरूप होतं, त्याचा क्रिकेटचा गेमही.

धागाकर्ता, दारव्हा

मुनीमकाका, चूक मान्य. रिस्टोरचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

एक भर घालतो. विंडोज 11 असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' उघडा. मॉनिटर निघाला की विंडो मिनिमाइझ करायची का, आणि पुन्हा जोडला की जुन्या जागी न्यायची का, हे तिथं ठरवता येते. माझ्या स्कॅनरच्या प्रोग्रामवर मात्र त्याचा काही असर नाही. तो आपल्याच वहीतली जागा पाहतो.

त्या दुरुस्तीवाल्याला पण ही युक्ती सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं, कागदावर लिहूनही घेतलं, अन् मग विचारलं, "पन भाऊ, याचे गिऱ्हाइकाले पैसे किती लावाचे?"