अनुभव धागा : शेजारचा नाताळ

डिसेंबर लागला, वांद्र्याच्या हिल रोडवर कागदी चांदण्या लटकल्या, की मला माझं गिरगावचं माहेर आठवतं. आपण ख्रिस्ती नसताना नाताळ आपल्या वाट्याला कसा आला, ते इथे लिहा. मॉलमधल्या झाडापुढचे फोटो नकोत. सुरुवात मीच करते.

आमच्या चाळीमागेच खोताची वाडी. तिथल्या एक ईस्ट इंडियन (म्हणजे मूळच्या मुंबईच्याच मराठी ख्रिस्ती) मावशी आईच्या मैत्रीण. घरातही मराठीच बोलायच्या, त्यामुळे त्यांचा देव वेगळा हे मला बरंच उशिरा कळलं. दर नाताळला क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट यायचं : नेवऱ्या (आपल्या करंज्याच), कुलकुल (पिठाचे तळलेले गोड शंख), गुलाबी मिल्क क्रीमच्या वड्या आणि केक. २००८ साली २५ डिसेंबर नेमका मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आईचं उद्यापन, घट मांडलेला. ताट आलं, पण रुमालाखाली पाच केळी आणि एक नारळ. बरोबर निरोप, "आज तुझा गुरुवार. अंड्याचं उद्या पाठवते." संध्याकाळी त्या हळदीकुंकवाला आल्या. कुंकू लावून घेतलं, फळ घेतलं. व्रताचं पुस्तक मात्र परत ठेवलं. म्हणाल्या, "हे गेल्या वर्षीही दिलंस की गं!"

बोरिवली, आय. सी. कॉलनी :
कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर नाताळच्या मिस्साला (ख्रिस्ती प्रार्थनासभेला) गेले. म्हणायचं मध्यरात्रीची, पण उघड्या मैदानात आणि लाऊडस्पीकर दहाला बंद, म्हणून साडेआठलाच सुरू. मधेच सगळे उठून रांगेत निघाले, मीही निघाले. प्रसाद वाटतायत म्हटल्यावर आपण बसून राहतो होय? मैत्रिणीने मागून ओढणी खेचली. ते कम्युनियन, कॅथलिकांनीच घ्यायचं. बाकीच्यांनी छातीवर हात दुमडून पुढे जायचं. तशी गेले, फादरनी आशीर्वाद दिला. कान मात्र घरी पोचेपर्यंत तापलेले होते.

चेंबूर :
आमच्याकडे २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ती जाळली, म्हणून बाबा दरवर्षी महाडला जायचे. ते परत येईस्तोवर शेजारून आलेला केक आम्ही भावंडांनी फस्त केलेला असायचा. एकदा आईने त्यांच्यासाठी तुकडा लपवून ठेवला, तर तो उंदराने खाल्ला. बाबांना अजून वाटतं, उंदीर म्हणजे मीच.

मरोळ :
आम्ही कोकणी मुसलमान. शेजारच्या आंटी आमच्यासाठी बॉटल मसाल्यातलं मटण वेगळं करतात. मटण आमच्या खाटकाकडचं, टोपही आमच्याच घरून नेतात. त्यांच्या सोरपोतेलचा (ते डुकराच्या मांसाचं) वास मस्त येतो, एवढंच सांगतो.

दादर :
सगळं फारच गोडगोड चाललंय. आमच्या सोसायटीत मला सांता केलं. दाढीचा कापूस डिंकाने चिकटवला होता, तो घामाने ओघळून तोंडात. आणि सोसायटीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर त्या दिवशी कुलूप लावून वसईला! त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. गोळा केलेल्या वर्गणीतून डीजे आणला होता.

धागाकर्तीला प्रश्न : कुलकुलवर त्या रेघा कशा उमटवतात? साचा मिळतो का?

साचा कशाला? जेवणाच्या काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायची. मावशी नवी कोरी फणी वापरायच्या. फक्त ती फणी नंतर घरात कुणी डोक्याला लावणार नाही, एवढं बघा. आमच्याकडे लावली होती.