कॅड-कॅम आलं आणि डिझायनर मशीनपासून लांब गेला, पटतंय का?

टूलरूम:
हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं डिझाईन करणं, कॅम म्हणजे त्यावरून मशीनचा प्रोग्राम बनवणं. हल्ली जी थ्रीडी मॉडेल्स येतात ती दिसायला एकदम देखणी असतात पण बनवायला घेतलं की डोकं धरायची वेळ येते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याने धातू कापला जाताना मशीनशेजारी उभं राहून बघितलेलं नाही त्याने एकट्याने कॅडमध्ये पार्ट फायनल करू नये, सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे.

उदाहरण देतो. ४० मिमी खोल पॉकेट (पार्टमध्ये कोरलेला खड्डा), आतल्या कोपऱ्यांना २ मिमी रेडियस. स्क्रीनवर एक आकडा टाकला की झालं. मशीनवर मात्र एंडमिल (फिरून धातू कापणारं टूल) गोल असते, म्हणजे २ चा कोपरा काढायला फार तर ४ मिमीचं टूल, आणि ते होल्डरच्या बाहेर ४० च्या वर काढायचं, व्यासाच्या दहापट! टूल बाहेर दुप्पट काढलं की आठपट वाकतं, व्यास निम्मा केला की सोळापट. मग चॅटर (टूलचं थरथरणं) येतो, भिंत खाली जाडी राहते, टूल मोडतं, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) इतकं कमी करावं लागतं की एका जॉबला मशीन अडकून पडतं. तोच कोपरा ७ चा दिला असता तर १२ च्या टूलने निवांत झालं असतं. आणि बहुतेक वेळा त्या कोपऱ्यात काही बसायचं पण नसतं, मागच्या फीचरला २ होता म्हणून इथेही २.

ड्रॉइंग बोर्डवर काम करणारा माणूस निदान टूलरूममध्ये येऊन विचारायचा तरी.

वक्ररेषा:
पूर्ण असहमत. ड्रॉइंग बोर्डच्या काळाबद्दल लोक फार गोड आठवणी सांगतात. एक शाफ्ट ३ मिमीने लांब करायचा तर असेंब्लीचं ड्रॉइंग, सेक्शन, पार्ट लिस्ट सगळं हाताने खोडून परत काढा, आणि एखाद्या शीटवर बदल राहिला की ते कळायचं कधी तर असेंब्लीच्या वेळी, पार्ट हातात आल्यावर. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये एक डायमेन्शन बदललं की त्याला जोडलेलं बाकीचं आपोआप हलतं. याची किंमत ज्याने खोडरबर चालवलाय त्यालाच कळेल.

आणि मुळात हे तंत्रज्ञान कुठून आलं ते बघा ना. जॉन पार्सन्स या अमेरिकन कारखानदारांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक हवे होते, हाताने ते जमत नव्हतं, त्यातून न्यूमेरिकल कंट्रोलची (आकड्यांच्या हुकमाने मशीन चालवायची) कल्पना पुढे आली आणि १९५२ मध्ये एमआयटीत तशी मिलिंग मशीन चालवून दाखवली. रेनॉ या कार कंपनीत बेझिए या इंजिनिअरनी गाडीच्या बॉडीचे वक्र गणितात बसवले ते पण याचसाठी, की स्टायलिस्टच्या मनातला आकार डाय (साचा) बनवणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा जावा. म्हणजे डिझायनर आणि मशीन यांच्यातलं अंतर कमी करायलाच ही सगळी धडपड झाली, आणि तुम्ही नेमकं उलटं म्हणताय.

बोईंग ७७७ घ्या, १९९४ ला पहिलं उड्डाण. अख्खं विमान कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरवर डिझाईन केलं, आधी स्क्रीनवर जुळवून पाहिलं, पूर्ण आकाराचा मॉक-अप (नमुना) बनवायची पद्धत सोडून दिली. पाईप कुठे ब्रॅकेटला धडकतोय हे लाखो पार्टांमध्ये कागदावर शोधून दाखवा.

लोडकेस:
धडकतंय का ते कळतं, मोडेल का ते कळतं का? मला कॅडपेक्षा सिम्युलेशनची जास्त भीती वाटते. रंगीत चित्र आलं, लाल कुठे नाही, मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, डिझाईन पास! आतल्या धारदार कोपऱ्यावर मेश (हिशोबासाठी पार्टचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करत गेलं की स्ट्रेसचा (ताणाचा) आकडा वाढतच जातो, थांबतच नाही, कारण गणितात तिथे अनंत आहे. जाड मेश ठेवला की तोच आकडा छान कमी दिसतो. मग खरं काय?

नॉर्वेतलं स्लाइपनर ए आठवा. समुद्रात उभा करायचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म, ऑगस्ट १९९१ मध्ये चाचणीसाठी पाण्यात खाली नेताना भिंत फुटली आणि सगळं तळाला गेलं. फायनाईट एलिमेंटच्या, म्हणजे असेच तुकडे पाडून केलेल्या हिशोबात शिअर (कातरणारा) स्ट्रेस ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता, त्यामुळे भिंती पातळ राहिल्या. नास्ट्रान वापरलं होतं, कुठलं फालतू सॉफ्टवेअर नव्हे.

वक्ररेषा:
लोडकेस, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. अपघातानंतर तेच विश्लेषण नीट काळजीने परत केलं तेव्हा उत्तर आलं की हे डिझाईन ६२ मीटर खोलीला फुटेल. प्रत्यक्षात फुटलं ६५ ला. म्हणजे पद्धत बरोबर होती, ती वापरताना एलिमेंट चुकीचे घातले आणि आलेलं उत्तर कुणी हाताने ताडून पाहिलं नाही.

लोडकेस:
अहो मग मी दुसरं काय म्हणतोय! हाताने ताडून बघणारा माणूस हवा. पण सॉफ्टवेअर आलं की पहिला तोच जातो. स्क्रीनवर तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिसलं की नवीन पोरं अंदाजे हिशोब करायचंच सोडून देतात, याला फक्त वापरणाऱ्याची चूक म्हणून कसं सोडून द्यायचं? सवय तर टूलनेच लावली ना.

एक_थर:
टूलरूम, तुमचं पॉकेटचं उदाहरण कटिंगपुरतं ठीक आहे पण बनवायची पद्धतच बदलली तर? लीप या विमानाच्या इंजिनचा फ्युएल नोझल (इंधन फवारणारा भाग) बघा, आधी साधारण २० पार्ट जोडून व्हायचा, आता धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने त्याचा टोकाचा भाग एकच पार्ट म्हणून बनतो आणि वजन २५ टक्के कमी. आतले ते वळणदार मार्ग कुठल्याही एंडमिलला जमणार नाहीत. तुमच्या नियमाने चाललं असतं तर हे कुणी काढलंच नसतं, कारण मशीनवाल्याने बघताक्षणी सांगितलं असतं की होणार नाही!

टूलरूम:
आणि त्या प्रिंटिंगला नियम नाहीत? साधारण ४५ अंशापेक्षा आडवा उतार झाला की खाली सपोर्ट लागतो, आत अडकलेली पावडर बाहेर यायला वाट ठेवावी लागते, उष्णतेने पार्ट वाकडा होतो, आणि बसणारा फेस (दुसऱ्या पार्टला टेकणारा पृष्ठभाग) शेवटी मशीनवरच येतो. हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच तो नोझल काढला असणार. मी मशीन म्हणतोय ते फक्त मिलिंग नाही हो, जिथे पार्ट बनतो ती जागा.

जुळवाजुळव:
मला वाटतं दोघेही चुकीच्या जागी भांडताय. खरा घोळ फाईल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना होतो. एअरबस ए३८० मध्ये हॅम्बुर्गवाले कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर आणि तुलूजवाले पाचव्यावर. विमानात पाचशे किलोमीटरच्या वर वायर, आणि हार्नेस (वायरचे जुडगे) बसवायला घेतले तर लांबीला कमी पडले! विमान जवळपास दोन वर्षं लांबलं त्यात याचा मोठा हात होता. दोन्हीकडे हुशार माणसं, दोन्हीकडे कॅड, तरी असं.

छोट्या कामात पण हेच. डिझायनरने बोअर (भोक) २५ एच७ धरलेला असतो, म्हणजे २५ मिमीच्या वर २१ मायक्रॉन आणि खाली शून्य चालतं. मॉडेलमध्ये तो नुसता २५.००० दिसतो. साधी स्टेप फाईल (मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा प्रकार) पाठवली की भूमिती जाते, टॉलरन्स (ही चालणारी कमी-जास्त) राहतो मागे, पीडीएफ वेगळी येते आणि तिचं रिव्हिजन जुनं निघतं. आता प्रोग्रामरने काय समजायचं? टॉलरन्ससकट मॉडेल पाठवायची सोय स्टेपच्या एपी२४२ मध्ये आहे, पण ती वापरतं कोण.

लोडकेस:
जुळवाजुळव +१. त्यात तापमान घाला. मोजमाप २० अंशावरचं धरायचं असतं. अर्ध्या मीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब १० अंशाने गरम असेल तर ०.११ मिमीहून जास्त वाढलेला असतो, आणि स्क्रीनवर मॉडेल कधीच गरम होत नाही.

वक्ररेषा:
हे सगळं मान्य, पण यातलं एकही कॅड बंद करून सुटत नाही. खोल पॉकेट, पातळ भिंत, ड्राफ्ट (साच्यातून निघायला लागणारा उतार) नसलेला प्लास्टिक पार्ट, हे पकडणारे चेक आता सॉफ्टवेअरमध्येच येतात. टूलरूमना जी माहिती पोरांनी मशीनशेजारी उभं राहून मिळवावी असं वाटतं ती त्या चेकमध्ये भरा ना. शंभर डिझायनर रोज मशीनशेजारी उभे राहू शकत नाहीत.

टूलरूम:
बंद करा असं मी कुठेच म्हटलं नाही. चेक चांगलेच आहेत, पण ते लाल खूण दाखवतात, कारण दाखवत नाहीत. पोरगा रेडियस २ चा २.५ करतो, लाल खूण जाते, काम संपलं. वाईस (जॉब पकडणारा शिकंजा) कुठे धरणार, जॉब किती वेळा उलटवणार, बर (कापल्यावर उरणारी धारदार कोर) कुठल्या कडेला राहणार हे त्या चेकला माहीतच नसतं. माझी मागणी साधी आहे, ड्रॉइंग रिलीज व्हायच्या आधी डिझायनरने कॅम प्रोग्रामरच्या शेजारी बसून आपल्याच पार्टचा टूलपाथ (टूल फिरायचा मार्ग) एकदा पहिल्या सेटअपपासून बघावा. एक तास जाईल फार तर.

जुळवाजुळव:
बसेल हो, पण कुणाच्या शेजारी? ड्रॉइंग रिलीज होतं तेव्हा पार्ट कुठल्या वेंडरकडे जाणार हेच बऱ्याचदा ठरलेलं नसतं. तीन अक्षाच्या मशीनवर होणार की पाच अक्षाच्या तेही माहीत नाही, आणि त्यावर सेटअप पूर्ण बदलतो. वेंडर आधी ठरवा म्हणलं तर परचेसवाले तयार होत नाहीत. यावर काय उपाय?

टूलरूम:
मग पहिला नमुना तरी घरच्या मशीनवर काढा, आणि तो निघताना डिझायनरला तिथे थांबवा. परचेसचं नंतर बघू.