इंदूर विमानतळाबाहेरून विमानांचे छायाचित्रण: जागा, प्रकाश आणि नियम

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असून गेल्या वर्षापासून देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची छायाचित्रे काढू लागलो आहे. माझ्याकडे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा साधा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. बिजासन टेकडीवर दर्शनाला गेल्यावर विमाने चांगली दिसतात, परंतु एप्रिल-मेमध्ये तेथून काढलेल्या चित्रांत विमानाच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या हलतात. त्यासाठी मोठी लेन्स घ्यावी काय? दुसरे असे, की एटीआर हे पंख्यांवर चालणारे छोटे प्रवासी विमान उड्डाण घेत असताना टिपले तर त्याचे पंखे बंद पडल्यासारखे दिसतात. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची शंका: रस्त्यावर कॅमेरा काढला की कोणीतरी हटकते. कायदा नेमका काय सांगतो आणि आपण कसे वागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (रामबाग, इंदूर)

आपण तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची मानलीत हे योग्यच झाले, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. विमान नियम १९३७ मधील तेराव्या नियमानुसार सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेता येत नाही. प्रवाशांना विमानात फोटो काढण्याची जी मोकळीक आहे, ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या डिसेंबर २००४ च्या परिपत्रकामुळे, आणि तीही अटींसह. कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्याला हा नियम त्याच शब्दांत लागू होत नाही. मात्र याचा अर्थ कुंपणालगत कॅमेरा रोखून उभे राहावे असा कोणी घेऊ नये. विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्यांनी आपल्याला विचारणे हे त्यांचे कामच आहे. त्यातून त्या भागात सीमा सुरक्षा दलाची शस्त्रप्रशिक्षण संस्थाही आहे. तिच्या फाटकाकडे, भिंतीकडे किंवा जवानांकडे लेन्स वळवू नये, मग आकाशातले विमान कितीही सुरेख दिसत असो.

माझा सल्ला असा, की ओळखपत्र जवळ ठेवावे, कोणी विचारले तर कॅमेऱ्यातील चित्रे आपणहून दाखवावीत आणि निघा म्हटले तर वाद न घालता निघावे. टेहळणी बुरूज, तपासणीची जागा, कुंपणाची रचना यांची छायाचित्रे काढूच नयेत, अनवधानाने आली असल्यास कोठेही टाकू नयेत. ड्रोनचा तर विचारही मनात आणू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतचा भाग सर्वसाधारणपणे लाल क्षेत्रात, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा भागात मोडतो. एकाच्या बेफिकिरीमुळे सगळ्यांनाच टेकडीवर कॅमेरा नेण्याची बंदी झाली, तर ती पुन्हा उठवून घेणे फार अवघड जाईल.

उत्तर (सुदामानगर, इंदूर)

मोठी लेन्स मुळीच घेऊ नका. कडा हलतात त्या तापलेल्या हवेमुळे, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. माळव्याची काळी जमीन आणि धावपट्टीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहापासूनच तापू लागतो. त्यानंतर धावपट्टीच्या पातळीत, आडव्या रेषेत काढलेले कोणतेही चित्र स्वच्छ येणार नाही. उपाय दोनच: एक तर सूर्योदयानंतरच्या तास-दीड तासात काम उरकावे, नाहीतर जमिनीवरचे विमान सोडून उतरणीच्या मार्गावरील, आकाशाच्या पार्श्वभूमीवरचे विमान टिपावे. वर पाहताना कॅमेरा आणि विमान यांच्यामध्ये तापलेल्या हवेचा थर फार कमी येतो.

एअरबस ए३२० ची लांबी सुमारे साडेसदतीस मीटर असते. आपल्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला ते विमान साधारण पावणेपाचशे मीटर अंतरावर असताना संपूर्ण चौकट भरून टाकते. उतरणीचा नेहमीचा कोन तीन अंशांचा असल्यामुळे, टेकण्याच्या जागेपासून तीन किलोमीटर अलीकडे विमान जमिनीपासून जेमतेम दीडशे-एकशे साठ मीटर उंचीवर असते. म्हणजे कुंपणाजवळ जाण्याची गरजच नाही. वारा पश्चिमेचा असला, की विमाने पूर्वेकडून, शहराच्या वस्तीवरून येतात, आणि एखाद्या नातेवाइकाची गच्ची हीच त्या वेळी उत्तम जागा ठरते.

आता प्रकाशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगली लेन्स असूनही चित्रे मळकट येण्याचे खरे कारण बहुधा येथेच असते. आपली धावपट्टी ०७-२५, म्हणजे साधारण पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपर्यंतच चढतो. त्या दिवसांत धावपट्टीच्या रेषेच्या दक्षिणेला उभे राहिले, की विमानाची आपल्याकडची संपूर्ण बाजू उजळलेली मिळते. डिसेंबरमध्ये सूर्य मावळतोही जवळजवळ धावपट्टीच्याच रेषेत, त्यामुळे पश्चिमेकडे उड्डाण करणारे विमान थेट सूर्यबिंबाच्या दिशेने जाताना दिसते. छायाकृती टिपायची असेल तर याच संध्याकाळी साधाव्यात, मात्र सूर्यावर लेन्स धरून दृश्यदर्शीतून पाहत राहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. जूनमध्ये चित्र उलटते. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, विमानाचे पोट काळे आणि पाठ पांढरीफटक पडते. त्या महिन्यात दुपारी कॅमेरा घरीच ठेवावा. संध्याकाळी मात्र सूर्य वायव्येकडे झुकतो, तेव्हा धावपट्टीच्या रेषेच्या उत्तरेला उभे राहून पश्चिमेकडे तोंड केलेल्या विमानाचे नाक फार सुंदर उजळलेले मिळते.

उत्तर (दांडिया बाजार, बडोदे)

पंख्यांचे उत्तर गणितात आहे. एटीआर ७२-६०० चा पंखा सहा पात्यांचा असून उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला तर तेवढ्या वेळात पाते केवळ सात अंश सरकते आणि पंखा गोठल्यासारखा दिसतो. १/१२५ ठेवला तर तेच पाते सुमारे ५८ अंश फिरते. दोन पात्यांमधले अंतर ६० अंशांचे असल्याने जवळजवळ पूर्ण वर्तुळ उमटते. प्रथम १/२५० वर सराव करावा. एवढ्या मंद वेगाला विमानाबरोबर कॅमेरा फिरवता आला पाहिजे, त्यासाठी पाय स्थिर ठेवून कमरेतून वळावे आणि शटर दाबल्यावरही वळणे थांबवू नये. हा सराव रस्त्यावरील बसगाड्यांवर करता येतो, फार उपयोग होतो.

आमच्या शहरात हवाई दलाचे केंद्र आहे आणि सप्टेंबर २०२३ पासून येथे सी-२९५ ही मालवाहू विमाने आली आहेत. त्यांची इंजिने एटीआरच्याच पीडब्ल्यू १२७ कुळातली आहेत, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटतो. परंतु ती लष्करी विमाने आहेत. त्यांच्या तळाकडे कॅमेरा रोखणे हा शासकीय गुपिते अधिनियम १९२३ च्या कक्षेत येणारा विषय होऊ शकतो, म्हणून आम्ही ते विमान डोळ्यांनी पाहतो आणि तेवढ्यावर थांबतो. ग्वाल्हेरलाही नागरी विमाने हवाई दलाच्याच धावपट्टीवर उतरतात, तेव्हा आमचेच पथ्य तेथेही पाळावे. इंदूरचा विमानतळ नागरी आहे, ही आपली मोठी सोय आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक विचारायचे राहिले. बहुतेक विमाने पांढरी असल्याने त्यांच्यावरचा तपशील उडून जातो. आणि रोज तीच ती विमाने दिसत असताना सगळी चित्रे जपून ठेवावीत काय?

उत्तर (रामबाग, इंदूर)

कॅमेरा मोठ्या आकाशाचा हिशेब धरून उजेड ठरवतो, म्हणून निरभ्र दिवशी आणि ढगाळ दिवशी लागणारी दुरुस्ती वेगळी असते. पहिले चित्र काढून कॅमेऱ्यातील उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहावा, त्यात उजवी कड म्हणजे सर्वांत उजळ भाग. उजवीकडची कड कापली जात असेल तर उजेड एक-तृतीयांश पायरीने कमी करत जावे आणि रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) चित्र साठवावे.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे. जेट एअरवेजची विमाने इंदूरला इतकी नेहमीची होती, की त्यांच्याकडे मान वर करूनही कोणी पाहत नसे. एप्रिल २०१९ मध्ये ती थांबली. ‘विस्तारा’ या विमान कंपनीचा जांभळा रंग नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाला. जुलै २०१९ मध्ये दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण येथून झाले, त्या दिवशीची चित्रे अनेकांकडे असतील, पण त्या काळातल्या साध्या मंगळवारची किती जणांकडे असतील? प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, विमानाचा प्रकार, व्हीटी या भारतीय विमानांच्या अक्षरांपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि वापरात असलेली धावपट्टीची दिशा लिहून ठेवावी. नोंदणी क्रमांक वाचता येत नसेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्याच दिवशी पाहून घ्यावा, कारण विनामूल्य खात्यात जुन्या उड्डाणांचा तपशील थोड्याच दिवसांपुरता उपलब्ध असतो.